जिन्यावरची ओटी

"आगं दीपमाला, डबा घिऊन कुटं निघालीस येवडी नटून?"

"कामावर," दीपमालाने चपला घालताघालता, मान वर न करता उत्तर दिले.

"कामाव? तुजं काम तर घरातच हाय की!"

"होतं, आत्या... आजपासनं न्हाई."

सासूबाईंचा, म्हणजे शालूबाईंचा, हात तांदळाच्या सुपातच थबकला. पदराला पिन, खांद्याला पर्स आणि एका हातात लॅपटॉपची बॅग अशी दीपमाला पुढच्या दाराने ताठ मानेने बाहेर पडली. ओसरीवर बसलेले सासरे नाथाजीमामा चष्मा वर करून बघतच राहिले, कारण सूनबाई एसटीच्या थांब्याकडे गेल्याच नाहीत! अंगणाला वळसा घालून ती ट्रॅक्टरच्या शेडमागे गेली, लोखंडी जिना चढून वरच्या खोलीत शिरली आणि तिने आतून खाडकन कडी घातली.

खतांची रिकामी पोती काढून ती खोली तिने गुपचूप झाडून घेतली होती, नेटची वायर वर ओढून घेतली होती. घर तेच, भिंत तीच, पण आता मध्ये कडी होती! थोड्याच वेळात खालून हाक आली, "दीपमाला, सोसायटीचं चेरमन आल्यात गं, च्या ठिव!" दीपमाला हलली नाही. दूध उतू गेल्याचा करपट वास वर आला, आणि त्या वासाने तिच्या अंतःकरणाला असा काही थंडावा मिळाला की बोलायची सोय नाही. करपू दे! सगळे घर करपू दे!

असा सूड उगीच नाही पेटत. दीपमाला पुण्याला एका विमा कंपनीत दावे तपासायची. नवरा जयराज फौजेत, दूर सरहद्दीवर. शालूबाईंच्या गुडघ्याचे मिरजेला ऑपरेशन ठरले तेव्हा जयराजने फोनवर एवढेच म्हटले, "आईजवळ कुणीतरी पाहिजे गं..." त्या एका शब्दावर तिने पुण्याची खोली सोडली, मैत्रिणी सोडल्या, कंपनीला विनवून काम घरून मागून घेतले आणि इस्लामपूरजवळच्या या गावी येऊन राहिली. सासूला तिने धरून धरून चालायला शिकवले.

घरून काम करण्यात सुख नव्हते असे कोण म्हणेल? खोलीचे भाडे वाचले, गाडीची दगदग गेली, घरचे ताक, परड्यातली ताजी मेथी... पण त्या सुखाला एक मोठी खोट होती. जी घरात दिसते ती रिकामीच, अशी या घराची पक्की समजूत! कानाला यंत्र लावून साहेबाशी बोलताबोलता तिने भाकऱ्या थापल्या, सोयऱ्याधायऱ्यांना चहा पाजला. तिला मात्र "तू घेतलास का गं घोटभर?" असे कुणी, कधी विचारले नाही. गंमत म्हणजे शालूबाईंना ड्यूटी म्हणजे काय ते ठाऊक नव्हते असे नाही. नवी नवरी असताना त्या, तेव्हा फौजेतच असलेल्या, नवऱ्याला भेटायला पार छावणीपर्यंत गेल्या होत्या. नाथाजी पहाऱ्यावर होते म्हणून दिवसभर गेटाबाहेर उन्हात बसून राहिल्या, पण आत निरोप धाडला नाही. ही गोष्ट आल्यागेल्याला सांगताना त्यांची छाती आजही फुगायची. मग सुनेचीच ड्यूटी तेवढी खोटी?

आणि मग तो दिवस आला... टीम लीडरच्या जागेसाठी तिची मुलाखत होती. स्क्रीनवर तीन साहेब ओळीने बसलेले. तेवढ्यात दार उघडले आणि शालूबाई विट्याच्या पाहुण्या बायकांचा घोळका घेऊन आत शिरल्या. या बायकांच्या नवऱ्यांची मद्रासेत सोने गाळायची दुकाने. जत्रेपुरत्या गावी आलेल्या. "या की वो, घरीच असती ती!" म्हणत शालूबाईंनी साहेबांच्या देखत सुनेच्या कपाळी कुंकू लावले, मांडीवर नारळ ठेवला, ओंजळभर तांदूळ ओतले... ते दाणे कीबोर्डभर विखुरले. एक साहेब हसला. दीपमालाने लॅपटॉप मिटला, आणि ती जागा दुसऱ्याच कुणाला मिळाली.

 ओटीतले ते तांदूळ कोंबड्यांना टाकताना तिने मनाशी एक शपथ घेतली. पुन्हा संधी येईल, ती जागा मी मिळवीन, आणि मिळाली की हे घर सोडून पुण्याला जाईन. परत तोंड दाखवणार नाही!

म्हणून हे जिन्यावरचे हपिस. रोज सकाळी ती डबा घेऊन निघायची, दिवस कलल्यावर परत यायची. मामांनी चहा करायला घेतला की भांड्यांचा खणखणाट वर ऐकू यायचा आणि ती ओठ दाबून हसायची. शालूबाई अंगणातून नुसत्या वर बघत राहायच्या. 'बघा, चांगलं डोळे भरून बघा!' ती मनात म्हणायची.

दुसऱ्या मुलाखतीचा दिवस उजाडला. माळ्यावरची बॅग काढून, भरून तिने आदल्या दिवशीच खालच्या खोलीत कॉटखाली सरकवली होती.

बोलणे रंगात आले असतानाच लोखंडी जिना कुरकुरला. एक पायरी... मग कण्हणे... मग दुसरी पायरी. आली! पुन्हा आली! तिने डोळे मिटून कडीकडे पाठ केली. पावले दारापाशी येऊन थांबली. हाक आली नाही, दार वाजले नाही. बाहेर कुणीतरी जड अंगाने खाली बसले, एवढेच.

"अभिनंदन, जागा तुमची," साहेब म्हणाले. "पुण्याला येणार की घरूनच करणार?"

'पुणे' हा शब्द तिच्या अगदी जिभेवर होता. पण दाराबाहेरच्या कानांवर तो इतक्यात पडू द्यायचा नव्हता. "संध्याकाळी कळवते," ती हळूच म्हणाली.

लॅपटॉप मिटला, तरी तिने दार उघडले नाही. बाहेर चैत्राचे ऊन रणरणत होते. बसू दे उन्हात, भोगू दे! तिने डबा सोडला आणि सावकाश, एकेक घास चावत जेवायला घेतले. तोच खालून शेजारच्या बायकांचा गलका आला.

"शालूबाई, आवं तितं काय करताय? सूनबाईला हळदीकुंकू लावायचं हाय, वर यिऊ का?"

"खबरदार कोण जिना चढंल तर!" शालूबाईंचा आवाज कडाडला. "आत सून कामाव हाय माजी. ड्यूटी सुटल्याबिगर मीबी दार वाजवत न्हाई, तितं तुमी कोण?"

दीपमालाच्या हातातला घास हातातच राहिला... तिने धावत जाऊन कडी काढली.

सर्वांत वरच्या पायरीवर शालूबाई बसल्या होत्या. चेहरा उन्हाने लालबुंद झालेला, ऑपरेशनचा गुडघा दोन्ही हातांनी गच्च धरलेला. मांडीवर ताट होते. त्यात नारळ, तांदूळ आणि नवाकोरा खण.

"सुटली का गं ड्यूटी?"

"आत्या... हे काय? कशाला चढलात?"

"कॉटखालची ब्याग बगितली म्या." शालूबाईंच्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहू लागले. "जा बाई, खुशाल जा. हितं तुला कुणी काम करू दिलं न्हाई. त्या दिशी विट्याच्या बायकांस्नी दावायचं हुतं गं मला, माजी सून साहेबांसंगं कशी बोलती ते... मिरवाय गेले आन् तुजंच वाटुळं केलं! तुजी जागा गेली त्ये जयराजनं सांगितलं तवा कळलं. ह्येनी काल इचारलं, 'शाले, माज्या गेटावर बसली व्हतीस, मग सुनंच्या गेटावर का बसवंना?' लय लाजले मी. पर सवाशीण बाई घरातनं रिकाम्या ओटीनं जाऊ ने, म्हून आले. येवडी ओटी घे, मग जा."

इतके दिवस जपलेला, फुंकर घालघालून पेटता ठेवलेला तो सूड... त्याचे काय करावे तेच दीपमालाला कळेना. आपण आत घास चावत होतो, आणि ही माउली बाहेर उन्हात करपत होती! ती सासूच्या पायाशी बसली, तो सुजलेला गुडघा तिने कवटाळला आणि हमसून हमसून रडली.

"आत्या, चुकले मी. तुमी बाहेर बसलाय ते ठाऊक हुतं मला. मुद्दाम दार उघडलं न्हाई!"

"बरं केलंस. मला गेटाची सवं हाय," डोळे पुसत शालूबाई म्हणाल्या. "जागा गावली?"

"गावली... पण मी गेले न्हाई तर?"

"तर ही पायरी माजी. बगूया कोण वर येतंय ते!"

दीपमालाने पदर पसरला. तांदळाचा एक दाणाही खाली सांडू न देता शालूबाईंनी ओटी भरली. मग तशीच भरल्या ओटीने तिने पुण्याला फोन लावला. "साहेब, मी घरूनच करीन. पण कामाच्या वेळेत माझं दार बंद असेल." शेवटचे वाक्य तिने सासूकडे बघून म्हटले, आणि सासूने मान डोलावली.

तोच खालून नाथाजीमामांची हाक आली, "आगं, च्या कोण करतंय का न्हाई?"

शालूबाईंनी कठड्यावरून मान काढली. "सून आत्ताच कामावनं आलीया! तुमीच ठिवा, आन् दोन कप वर आणा!"

मामांनी चहा आणला. दूध जास्त झाले होते, साखर तर विचारूच नका. भरली ओटी सांभाळत, सासूच्या खांद्याला खांदा लावून दीपमाला तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.