चित्र आधी पोचलं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. त्या दुपारी भीती वाटावी असं काहीच नव्हतं. छान ऊन पडलं होतं आणि आमची व्हॅन चालवणारे काका स्वतःशीच गुणगुणत होते. टीव्हीच्या डिजिटल प्रक्षेपणाच्या तीन पद्धतींतली एक निवडायची होती, म्हणून आम्ही शहरभर मोजमाप करत फिरत होतो. माझा थोरला भाऊ टेकडीवरच्या प्रक्षेपण केंद्रात एकटाच कॅमेऱ्यासमोर बसला होता. त्याचे चाळे हेच आमचं चाचणीचं चित्र!

पहिली पद्धत कमी विजेत लांब पोचायची, पण उंच इमारतींवरून लहरी आपटून आल्या की गडबडायची. दुसरी अशा प्रतिध्वनींना दाद द्यायची नाही, पण वीज फार खायची. तिसरी धावत्या गाडीतही टिकायची, मात्र चित्र सगळ्यांत उशिरा दिसायचं.

"जुन्या टीव्हीवर एकाची दोन चित्रं दिसायची. त्याला आम्ही भूत म्हणायचो," काका म्हणाले. "आता एक तर चित्र, नाहीतर काहीच नाही. भुतांच्या पोटावर पाय आणलात तुम्ही!"

मी हसतच तिसरी पद्धत लावली. पडद्यावर दादाने जीभ काढली.

"जीभ काय दाखवतोस?" मी फोनवर म्हटलं.

"दाखवणारच होतो... तुला कसं कळलं?"

मी काही बोलणार, तोच पडद्यावर छताचा मोठा तुकडा खुर्चीवर कोसळला. खुर्चीत दादा होता की नाही, धुळीत दिसेना. फोनवर मात्र तो निवांत शीळ घालत होता.

"दादा, ऊठ! बाहेर पळ!"

"अगं, पण..."

"पळ म्हणते ना!"

पावलं वाजली. दार आपटलं. मग धडाम... आणि नंतर खोकला.

"खुर्चीचा पार भुगा झाला गं," तो म्हणाला. "मी आहे."

काकांनी गाडी कडेला घेतली. दादा आणि मी फोनवर रडता रडता हसत सुटलो. अहवालात मी तिसरीच पद्धत सुचवली. कारण लिहिलं: धावत्या गाडीत उत्तम.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघांनी मिळून केंद्रातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पाहिलं. छत कोसळल्यावर बराच वेळ नुसती धूळ. मग चौकटीच्या कडेने एक झाडू आत आला आणि सावकाश जमीन झाडू लागला.

"बाहेर पडल्यावर मी दाराला कुलूप लावलं होतं..." दादा पुटपुटला.

झाडू कॅमेऱ्याजवळ येऊन थांबला. कुणीतरी काचेवरची धूळ अलगद पुसली. चित्र स्वच्छ झालं.

खोलीत कुणीच नव्हतं.