पिवळी नळी

मी चष्म्याच्या दुकानात नोकरी करतो. डोळ्यांना दिसतं तेवढंच खरं, यावर माझं पोट चालतं. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ टिंगल केली आहे. त्यामुळे हे सांगताना माझं मलाच कसंतरी होतंय.

पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीच्या बाबतीत घडलंय. मागच्या वर्षी, सुट्टीच्या हंगामात, भर सकाळी. लख्ख ऊन होतं, समुद्र शांत होता, बोटीवर माणसं होती.

पटो न पटो, ऐकून तर घ्या.

ताईला आणि भाऊजींना स्कूबा डायव्हिंगचं वेड. लोक सुट्टीत नातेवाइकांकडे जातात, हे दोघं पाण्याखाली जातात. त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतभर जगाचा नकाशा आहे आणि त्यात रंगीत टाचण्या. प्रवाळ बघावं तर इथं, कासवं तिथं, पाण्यातल्या गुहा पलीकडे. मी गेलो की भाऊजी एकेक टाचणी दाखवत मला तासभर पिळतात. मला साधं पोहता येत नाही. बादलीत तोंड बुडवायला सांगितलं तरी मी चार वेळा विचार करीन.

त्या वर्षीची टाचणी एका बुडालेल्या मालवाहू जहाजाची होती. डायव्हिंग करणाऱ्या कुणालाही विचारा, आवडत्या जागांत हे जहाज हमखास येणार. तळाच्या वाळूवर सरळ उभं. डोलकाठी शाबूत. आत शिरायला मोठमोठी दारं, आणि दारांतून माशांची ये-जा.

पुढचं कळायला एक गोष्ट आधी सांगतो.

पाण्याखाली बोलता येत नाही. सगळा कारभार खुणांनी. टॉर्च आडवा झुलवला तर मी संकटात आहे. आणि हाताची कड गळ्यावरून आडवी फिरवली, तर... माझी हवा संपली.

प्रत्येकाच्या पाठीवर हवेचा सिलिंडर, त्याला जोडलेली स्वतःच्या तोंडातली एक नळी असते आणि जादाची एक, पिवळी. ती दुसऱ्यासाठी. समोरच्यानं गळ्यावरून हात फिरवला की पिवळी नळी त्याच्या तोंडात द्यायची, एकमेकांचा दंड धरायचा आणि सावकाश वर यायचं. कोण, कुठला, काही विचारायचं नाही. ताई तरणतलावावर नवशिक्यांना हेच शिकवते. "आधी हवा द्या, अक्कल नंतर चालवा," हे तिचं ठरलेलं वाक्य.

तर त्या सकाळी सगळे खाली उतरले. ताई आणि भाऊजी जोडीनं. भाऊजींच्या हातात त्यांचा तो लाडका कॅमेरा. एका माशासमोर हा माणूस अर्धा दिवस काढेल. ताई वैतागून पुढे गेली आणि ठरल्याप्रमाणे डोलकाठीपाशी थांबली.

पाणी गढुळलं होतं. कुणाच्या तरी पायानं तळाचा गाळ उडाला असावा. हात लांब केला तर बोटं धूसर दिसत होती.

ताई वाट बघत राहिली. कानात फक्त स्वतःचा श्वास. आत घेताना सूं... सोडताना बुडबुड्यांचा खळखळाट.

आणि मागून तिच्या खांद्यावर...

कुणीतरी दोन बोटांनी हलकेच टकटक केली.

ती वळली. काळा सूट, डोक्यावर काळी टोपी, मास्कच्या काचेवर धुकं. आणि हाताची कड गळ्यावरून आडवी फिरत होती.

भाऊजी!

ताईनं क्षणाचाही विचार केला नाही. पिवळी नळी ओढली, त्याच्या तोंडात दिली. दंड धरला. वर निघाली.

"तिथंच मला कळायला हवं होतं रे," ती मला नंतर म्हणाली. "हातात कॅमेरा नव्हता. हा माणूस एक वेळ मला सोडेल, कॅमेरा सोडायचा नाही."

दोघं वर येत होते. दोनचार हात वर आल्यावर पाणी स्वच्छ झालं. ताईनं बोटांनी विचारलं, ठीक आहेस?

उत्तर नाही.

तेव्हा तिच्या कानाला काहीतरी खटकलं. आवाज चुकत होता. आपला श्वास, आपले बुडबुडे. मध्ये त्या पिवळ्या नळीतून सूं... पुन्हा सूं... पुन्हा सूं...

आत घेतल्याचा आवाज येत होता. सोडल्याचा नाही.

तिनं वर पाहिलं. बुडबुड्यांची एकच माळ वर चालली होती.

तिची स्वतःची.

श्वास रोखून वर येणं म्हणजे फुप्फुस फाटायचं काम. ताई घाबरली ती आधी त्यासाठी. बाई नवऱ्याच्या काळजीनंच अर्धी झाली. सोड, श्वास सोड, असं तिनं हातानं सांगितलं. मग त्याच्याकडे किती हवा उरलीय ते बघावं म्हणून त्याच्या कमरेशी चाचपलं. तिथं काटा असलेली नळी लोंबत असते.

नळी नव्हती.

तिनं हात त्याच्या पाठीमागे नेला.

पाठीवर सिलिंडरही नव्हता.

ताईनं आपला काटा पाहिला. मघाशी अर्ध्याच्या वर असलेला काटा लाल पट्ट्याकडे सरकत होता. डोळ्यांदेखत. सूं... सूं... सूं...

आणि खाली, गाळातून, जहाजाच्या दारात एक उजेड दिसला.

टॉर्च. आडवा झुलत होता. इकडून तिकडे. इकडून तिकडे.

भाऊजी खालीच होते.

आता माझी ताई कशी आहे ते सांगतो. रस्त्यात अनोळखी माणूस धडपडला तरी ही आधी धावणार. दिलेली हवा कुणाच्या तोंडातून काढायची नसते, हे तिनं शेकडो जणांना शिकवलेलं. आणि खाली तिचा नवरा अडकलेला. दोघांना पुरेल एवढी हवा नव्हती.

तिनं पिवळी नळी धरली आणि ओढली.

निघेना. दातांत घट्ट आवळलेली. तिनं पाय त्याच्या छातीला लावून जोरात हिसडा दिला, तेव्हा सुटली.

त्यानं झटापट केली नाही. पुन्हा हिसकावायलाही आला नाही. तिथंच पाण्यात उभा राहिला आणि हाताची कड गळ्यावरून फिरवली.

मग पुन्हा.

मग पुन्हा.

ताई उलटी होऊन खाली गेली. मागं पाहिलं नाही.

भाऊजींचा पाय दारातल्या जुन्या जाळ्यात गुरफटला होता. तिनं सुरीनं जाळं कापलं. तोवर तिच्या नळीतून हवा ओढली जाईना. आता गळ्यावरून हात फिरवायची पाळी तिची होती. भाऊजींनी त्यांची पिवळी नळी तिला दिली आणि दोघं एकमेकांना धरून वर आले.

वाटेत कुणीच नव्हतं. निळं पाणी, बस.

बोटीवर चढल्या चढल्या ताई ओरडायला लागली. "खाली एक जण आहे! त्याला हवा नाहीये! मी सोडून आले त्याला!"

गाईडनं माणसं मोजली. सगळी वर होती. तरी तो बिचारा पुन्हा खाली जाऊन जहाज पालथं घालून आला. बोटवाल्यानं किनाऱ्यावर विचारलं. त्या सकाळी दुसरी बोट गेलीच नव्हती. कुणी हरवलं नव्हतं. तुम्ही म्हणाल, मागे कधीतरी तिथं कुणी बुडालं असेल. ताईनंही विचारलं. बोटवाल्याला तसं काही माहीत नव्हतं.

"खोल पाण्यात डोकं गरगरतं, भास होतात," भाऊजी समजूत घालत होते. "शास्त्रीय कारण आहे त्याला. तू उगाच जिवाला लावून घेऊ नकोस."

ताईनं आपली पिवळी नळी त्यांच्यापुढे धरली. तोंडात धरायचं रबर...

चावून चावून कुरतडलेलं होतं.

घरी आल्यावर ताईनं डायव्हिंग सोडलं. पण महिन्याभरानं तिनं एक जुना सिलिंडर विकत आणला. मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाशेजारी उभा केला, त्याला ती पिवळी नळी जोडली आणि व्हॉल्व्ह उघडा ठेवला.

तोंडानं ओढल्याशिवाय त्या नळीतून हवा सुटत नाही. तरी काटा हळूहळू उतरायला लागला.

भाऊजी म्हणाले, गळतोय. दुरुस्तीवाल्यानं सिलिंडर, नळी, सगळं पाण्याच्या टाकीत बुडवून पाहिलं. एक बुडबुडा आला नाही. घरी आणला, काटा पुन्हा उतरला. ताई मुकाट्यानं भरून आणायची.

मी तिची भरपूर चेष्टा केली. "ताई, मांजराला दूध घालतात तशी तू हवा घालतेस कुणाला?"

ती हसली नाही. "त्यानं हवा मागितली आणि मी दिलेली काढून घेतली. माझ्या माणसासाठी काढली. पुन्हा वेळ आली तर पुन्हा काढीन. पण म्हणून त्याला तसाच तडफडत ठेवू?"

"आणि नाही भरला तर?"

ती भाऊजींकडे बघायला लागली. मग भाऊजींनीच सांगितलं. एकदा तिला ताप होता, भरायचं राहून गेलं. काटा शून्यावर आला. भाऊजी आरामात पेपर वाचत बसले होते, आणि एकदम त्यांना श्वासच घेता येईना. छातीत हवा शिरेना. ओठ निळे पडले. ताई तशीच तापात उठली, शेजाऱ्याला गाडी काढायला लावून सिलिंडर भरून आणला. व्हॉल्व्ह उघडला आणि यांचा श्वास सुरू झाला. डॉक्टरांनी नंतर सतरा तपासण्या केल्या. फुप्फुसं ठणठणीत.

हे सांगताना भाऊजींचा आवाज कापत होता. शास्त्रीय कारणवाले भाऊजी!

मी तेव्हाही विश्वास ठेवला नाही. खरं सांगतो.

म्हणून तर या सोमवारी ताई सिलिंडर घेऊन माझ्याकडे आली तेव्हा मी खुशाल हो म्हटलं. भाऊजींची बदली झालीय, दोघं नवं घर बघायला परगावी चालले होते. विमानात सिलिंडर नेऊ देत नाहीत.

"व्हॉल्व्ह बंद करायचा नाही," तिनं बजावलं. "काटा लालच्या जवळ आला की लगेच भरून आणायचा. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

"जा गं, निवांत जा," मी म्हटलं.

ती गेली. आणि मी शहाणपणा केला. म्हटलं, कशाला हवा वाया घालवायची... आणि व्हॉल्व्ह बंद करून टाकला.

काल दुपारची गोष्ट. दुकानात डोळे तपासायच्या खोलीत एक आजी बसल्या होत्या. जाड नंबर. त्यांचा चष्मा काढून मी काचा बदलून दाखवत होतो. खोलीत आम्ही दोघंच, दार बंद.

"आता अक्षरं नीट दिसतायत का आजी?"

"अक्षरं जाऊ दे बाबा," आजी म्हणाल्या. "ते तुझ्या मागचे साहेब... त्यांचा घसा दुखतोय का?"

"कोण साहेब?"

"अरे ते काय उभेत. गळ्यावरून सारखा हात फिरवतायत."

समोरच्या भिंतीवर आरसा होता. मान वर केली असती तर मागचं सगळं दिसलं असतं.

मी मान वर केली नाही.

आणि माझ्या खांद्यावर... दोन बोटं...

आजींना तसंच सोडून मी पळालो. चपला दुकानातच राहिल्या. घरी पोचलो, व्हॉल्व्ह उघडला. लगेच सुरू झालं. सूं... सूं... सूं... हपापल्यासारखं. ताईकडे महिना महिना पुरायची ती हवा. माझ्याकडे मात्र रात्रीत काटा अर्ध्याखाली आला.

आता लालच्या काठावर आहे.

सकाळपासून ताईचा फोन लागत नाही. हवा भरणाऱ्या दुकानाला फेरी मारून आलो. कुलूप. शेजारच्या पानपट्टीवाल्यानं सांगितलं, मालक लग्नाला गेलाय, आता सोमवारीच उघडेल.

आज शनिवार आहे.

आणि मघापासून मला जरा दम लागल्यासारखं होतंय. जिने चढून आलो, त्यानं असेल.