विषाचं अत्तर

“ए! माझ्या झाडावर हे काय टांगलंयस?”

ब्रिन शिडीवरून पडता पडता वाचली. खाली एक मुलगा उभा... केस ओले, खांद्यावर वल्हं, आणि डोळे असे की — जाऊ दे, डोळ्यांचं नंतर!

“सापळा आहे,” ती ऐटीत म्हणाली. “वनखात्याचा. सालीतले भुंगेरे मोजायला. उन्हाळ्याची नोकरी आहे माझी.”

“आत त्यांना बोलावणाऱ्या वासाची पुडी?”

“मग! त्याशिवाय येतील कसे?”

“अगं बाई, मग पाहुणे थेट जिवंत पाइनवर बोलावलेस की! सापळा मोकळ्यावर, खांबाला टांगतात.”

ब्रिनचा चेहरा खर्रकन उतरला. पहिल्याच दिवशी शिकवलं होतं हे. पण गेल्या आठवड्यात इथली सावली इतकी गार होती, तळं इतकं निळं होतं, की तिने सापळा इथेच टांगला होता... आता खोडावर जागोजागी राळेच्या लाह्या फुटल्या होत्या. प्रत्येक लाहीमागे भुंगेऱ्याने पाडलेलं एक भोक.

मुलगा डेक्लन. तळ्याकाठचा हा कॅम्प त्याच्या आजोबांचा. समोरचा अख्खा डोंगर भुंगेऱ्यांनी झाडं मारून लाल करून टाकलेला, आणि काठावर हिरवं उरलेलं मोठं झाड हे एकच.

“हे गेलं तर आजोबा कॅम्प बंद करतील,” तो हळूच म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“जाऊ देणार नाही मी!” ब्रिन धावत जीपकडे गेली आणि डबा घेऊन आली. “भुंगेऱ्यांची दाटी झाली की त्यांचा वास पालटतो. ‘इथे जागा नाही, पुढे जा’ असा. त्या वासाच्या पुड्या आहेत ह्या. शिडी धर!”

सापळा उतरवून दुपारभर ती खोडावर पुड्या ठोकत राहिली, तो शिडी धरून टोमणे मारत राहिला. मधेच तिने तळहातावर एक भुंगेरा धरला. तांदळाएवढा, काळा.

“ही मादी. पहिली हीच येते, एकटी! झाड तिच्यावर विषारी राळ ओततं, आणि हिच्या अंगातली एन्झाइम्स त्याच विषाचं अत्तर करतात. त्या वासावर बाकीचे धावत येतात. कसली भारी आहे ना?”

“माझ्या झाडाच्या वैरिणीचं कौतुक?”

“करणारच! केमिस्ट्रीच्या पेपरात मला साधं आम्ल दिसलं तरी घाम फुटतो.”

तो हसला. पहिल्यांदाच. (हं, तर डोळे... मधाळ राळेच्या रंगाचे. ऊन पडलं की आतून उजळणारे.)

मग ती रोज येऊ लागली. काम नसलं तरी. तो तिला खारवलेल्या शेंगा द्यायचा, वल्हवायला शिकवायचा, आणि झाडाविषयी दोघंही बोलायचे नाहीत.

ऑगस्ट संपता संपता बघायची वेळ आली. लाहीत लालसर भुसा असला तर झाड हरलं. पांढरी, निव्वळ राळ असली तर —

“तू फोड,” डेक्लन म्हणाला.

“मला भीती वाटते रे... हरलं असेल तर तू माझ्याशी बोलणार नाहीस.”

“वेडी! झाडाला बघायला मी रोज तीनदा दाढी करतो होय?”

ब्रिनच्या कानांच्या पाळ्या तापल्या. दोघांनी मिळून लाही दाबली. पांढरी! आत भुंगेरा अडकलेला. दुसरी... पांढरी. तिसरी, चौथी... सगळ्या पांढऱ्या!

“जिंकलं!” ती किंचाळली आणि तिने त्याचा हात घट्ट धरला. मग सोडवेना. दोघांच्याही बोटांना राळ!

“लोण्याने सुटते,” डेक्लन म्हणाला. “घरात आहे.”

“मला तू आवडतोस,” ब्रिनने एका दमात सांगून टाकलं.

त्याने एकदा घराकडे पाहिलं. मग बोटं अजूनच गुंतवत म्हणाला,

“लोणी... संपलंय बहुतेक.”