नीलम्माच्या चुलीवरची ज्वारी

लातूर नवा जिल्हा झाला आणि मी बिलोलीहून तिथल्या कचेरीत टायपिस्ट म्हणून आले, ती नेमकी दुष्काळात. पहिल्याच दिवशी माठातलं गार पाणी घेतलं... फुलपात्र हातात धरलं मात्र, बोटं पांढरीफटक!

"बाई, बोटाला चुना लावला का काय?"

शेजारच्या टेबलावरचा कारकून विचारत होता. त्याचं नाव बसवंत. डोळ्यांत मिश्कील हसू होतं, पण माझी बोटं निळी पडताना पाहून ते विरलं.

"रोग आहे," मी म्हणाले. "कातडी आवळत चाललीय. गारव्यानं, नाहीतर जिवाला काही लागलं की बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात. ऊब दिली की उघडतात. डॉक्टर म्हणतात, रोज कोमट पाण्यात हात धरा."

"हितं प्यायला थेंब न्हाई, अन् तुमी हात शेकनार?"

मी निळी बोटं पदरात गुंडाळली. बोटं थांबली तर नोकरीही थांबणार होती.

दुसऱ्या सकाळी टाइपरायटरशेजारी एक गरम कापडी पिशवी आली. आत तव्यावर तापवलेली ज्वारी.

"आधी मनगटाला लावून बघा. बोटं भाजली तर कळायचं न्हाई तुमाला."

"फार काळजी हो!"

"तुमच्या चुका मलाच तपासाव्या लागत्यात..."

मग रोज सकाळी पिशवी यायची, संध्याकाळी मी ती परत करायची. बोटं गुलाबी होत, आणि खरं सांगते, गालही. खानावळीत जेवणारा हा माणूस ज्वारी कुठे तापवतो, हे विचारायचं मात्र सुचलं नाही.

एका सकाळी ते दिसलंच. आमच्या कचेरीत आवक-जावक बघणाऱ्या नीलम्माच्या दारात बसवंत उभा होता. डोक्यावर भरलेली घागर, हातात हंडा! टँकरच्या रांगेत उभं राहून आणलेलं पाणी... तिच्यासाठी! ती उदगीरची गोरीपान बया पदर सावरत हसत होती. ज्या दिवसांत सख्खा भाऊ पाणी देत नव्हता, त्या दिवसांत हा तिचा रांजण भरत होता. माझ्या अंगाची लाही लाही झाली, आणि त्या भर उन्हात माझी बोटं बर्फासारखी पांढरी पडली.

त्या दिवशी पिशवी मी परत केली नाही. दुसऱ्या दिवशीपासून घेणंही बंद.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही. ज्यांचं पाणी भरता, त्यांचेच हात शेका."

तो काही बोलायच्या आत मी टाइपरायटर बडवायला लागले. घरी जाऊन पिशवीची शिवण उसवली, ज्वारी जात्यावर दळली आणि भाकरी थापायला बसले. जळो ती ऊब! पण पीठ काही धरेना. रोज तापून तापून त्यातली विरी गेली होती, चिकटपणा उरला नव्हता. प्रत्येक भाकरी तव्यावर चिरून तुकडे झाली... आणि माझ्या बोटाच्या टोकाला फोड आला.

दोन-तीन दिवसांनी नीलम्माच माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"अव्वा, काय गं तू! माझं लई नुकसान करायलीस."

"मी?"

"मग! त्याची ज्वारी माझ्या चुलीवर तापायची, म्हणून तो माझं पाणी भरायचा. तू पिशवी नको म्हनलीस, त्यानं पाणी सोडलं. आता माझ्या रांजणात पालीला बुडायला पाणी न्हाई!"

मला हसू फुटलं, आणि लगेच रडूही. इतकी जळले होते, तेही माझ्याच ज्वारीपायी भरलेल्या पाण्यावर.

दुपारी मी डबा उघडून बसवंतपुढे सरकवला. त्यात तेच तुकडे.

"ही... भाकरी हाय?" त्यानं एक तुकडा तोंडात टाकला. "माझी ज्वारी दळलीस व्हय तू!"

'तुमी'चं 'तू' झालेलं दोघांनाही उशिरा कळलं.

"रागावून दळली. वाटलं, तिच्यासाठीच पाणी..."

"जळत व्हतीस?"

"हो! जळत होते!"

त्यानं दुसरा तुकडा उचलला. मग हळू म्हणाला, "दुसरी ज्वारी आनतो. पन चूल कोनाची?"

"माझी," मी म्हणाले. "नीलम्माची नाही... कधीच नाही."

"अन् तुझा रांजण?"

"तू भरशील."

त्यानं माझे दोन्ही हात आपल्या हातांत धरले, कचेरीत, सगळ्यांसमोर. बोटं आधी पांढरी होती, मग निळी झाली, आणि मग हळूहळू लालबुंद.

"बाई," नीलम्मा लांबून ओरडली, "मग माझं पाणी कोन भरनार?"