पाच म्हणजे पाच काय?

"शाई कोणी ओतली, ते मला आत्ताच्या आत्ता कळलं पाहिजे!" मामा कडाडला.

चिमणीच्या डोक्यात तिडीकच गेली. सुट्टीला येऊन आठवडा झाला नव्हता, आणि ही शाईची तिसरी चौकशी! हॉलमधल्या काचेच्या टाकीतलं पाणी गडद निळं झालं होतं. तिचा लाडका, गुबगुबीत भोपळ्या मासा वर येऊन केविलवाणं तोंड उघडत होता. त्याच्या अंगावर पांढरे ठिपके आले म्हणून मामीने मासेवाल्याकडून औषध आणलं होतं. औषध निळंच होतं, पण त्याने पाणी जेमतेम निळसर व्हायला हवं होतं. एवढा गडद रंग म्हणजे पोरांचे उद्योग, असा मामाने निकालच लावून टाकला. उद्या भोपळ्याला मासेवाल्याकडे परत देणार, हेही त्याने जाहीर केलं.

तिघांची बैठक जिन्याखाली भरली. मामाचा मुलगा वकील (सारखा वाद घालायचा, म्हणून वकील) म्हणाला की पुरावा पाहिजे. चिमणीचा धाकटा भाऊ ढब्बू म्हणाला की भूक लागलीय. शेवटी पहाटे टाकीवर पाळत ठेवायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी तिघं सोफ्यामागे दबा धरून बसली. मामा आला, त्याने बाटली उघडली आणि टोपण भरून औषध टाकीत ओतलं. मग दुसरं टोपण. मग तिसरं. चिमणीला राहवेना, ती उठून उभीच राहिली.

"मामा, हे किती घालतोस?"

"मामीने सांगितलंय, पाच."

"पाच काय?"

"पाच म्हणजे पाच! मध्येमध्ये लुडबुडू नकोस."

चिमणीने कपाळावर हात मारला. घराच्या पुढच्या भागातच, हॉलला लागून, मामाचं नळ-पाइपचं दुकान होतं. तिथे गिऱ्हाईक 'अर्धा द्या' म्हणायचं आणि मामा अर्ध्या इंचाचा नळ काढून द्यायचा. 'इंच' म्हणायचे कष्ट कोणी घेत नसे. घरातही तेच. मामी म्हणायची 'तीन आण', आणि कशाचे तीन ते ज्याने त्याने ओळखायचं. अशा घरात समजावून काय डोंबल उपयोग!

तेवढ्यात मामाने हुकूम सोडला, "ढब्बू, सरबत कर. मीठ दोन."

चिमणीने ढब्बूच्या कानात काहीतरी सांगितलं. ढब्बू खुशीत स्वयंपाकघरात पळाला. सरबताचा पहिला घोट घेताच मामा बेसिनकडे धावला.

"अरे गाढवा, किती घातलंस?"

"दोन," ढब्बू शांतपणे म्हणाला. "चमचे."

"दोन चिमटी म्हटलं होतं मी!"

"नाही बाबा, तुम्ही नुसतं दोन म्हणालात," वकील म्हणाला. "आम्ही साक्षीदार आहोत."

"आणि भोपळ्याला काय पाजतोयस, मामा?" चिमणीचा आवाज रडवेला झाला. "टोपणं?"

मामी धावत बाहेर आली. "टोपणं? अहो, थेंब! पाच थेंब! घात केलात की हो!"

मामाचा चेहरा उतरला. मग सगळेच बादल्या घेऊन पळाले. निम्मं पाणी काढलं, ताजं भरलं, दुपारी पुन्हा तसंच केलं. संध्याकाळी भोपळ्या तळाशी जाऊन खडे हुंगू लागला, तेव्हा चिमणी चक्क रडली.

"चुकलो बाई," मामा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला. "तुम्ही होतात म्हणून वाचला तो."

इतक्यात दुकानात नेहमीचं म्हातारं गिऱ्हाईक आलं. "एक अर्धा द्या."

मामाने आधी टाकीकडे पाहिलं, मग चिमणीकडे.

"अर्धा काय?" त्याने विचारलं.