कपडे सांगायचे, नाव नाही

बत्तिसाव्या वर्षी मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेतली कायमची नोकरी सोडली आणि बसस्थानकावर घोषणा करायला लागले. नवरा म्हणाला, "पेन्शनीची नोकरी सोडून भोंग्यात ओरडायला निघालीस? ओरडायला मी आहे की घरात." सासूबाई आतून म्हणाल्या, "त्याच्यावर ओरडून उपयोग नाही गं. मी तीस वर्षं करून पाहिलंय."

लहानपणी मी पेला तोंडाशी धरून घरातल्या सगळ्यांना गाड्यांत बसवून लावून द्यायची. स्थानकावर घोषणा करणाऱ्या आवाजाचं गर्दी ऐकायची. आमच्या घरात माझं कुणीच ऐकत नसे.

घोषणेची खोली जिन्याखाली होती. काचेच्या खिडकीला खाली अर्धगोल भोक, टेबलावर माइक, त्याच्या मानेला रुमाल बांधलेला. डिझेलचा आणि ओल्या फडक्याचा वास. आधीच्या घोषणा करणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. निवृत्त होण्याआधी महिनाभर त्यांनी मला शिकवलं.

"पोर हरवलं तर कपडे सांगायचे, वय सांगायचं. नाव भोंग्यातून जाता कामा नये. न्यायला येईल त्याने इथे खिडकीशी नाव सांगायचं. जुळलं तर मूल द्यायचं."

नियम शहाणपणाचा होता. मला पटला.

तिसऱ्या महिन्यात, एका दुपारी, नियंत्रकाने चारेक वर्षांची मुलगी आणून बसवली. पिवळा फ्रॉक, एकाच पायात चप्पल. मी तिला नाव विचारलं आणि बटण दाबलं. प्रयोगशाळेत दहा वर्षं मी लेबलावरचं नाव वाचल्याशिवाय बाटली उचलली नव्हती. आधी नाव, मग बाकीचं. तसंच तोंडातून गेलं. जीभ चावली, पण नाव सगळ्या फलाटांवर पोचलं होतं.

मिनिटभरात एक बाई आली. करडा स्वेटर, निळी पिशवी, डाव्या अंगठ्याला पट्टी. मुलगी "आई" म्हणून तिला बिलगली. मी नाव विचारलं. बाईने सांगितलं, अगदी मी भोंग्यातून घेतलं होतं तसं, शेवटचं अक्षर ओढून. जाताना मुलीने एकदा हात सोडवून पाहिला.

वीस मिनिटांनी दुसरी बाई धापा टाकत आली. करडा स्वेटर, निळी पिशवी, डाव्या अंगठ्याला पट्टी. तोच चेहरा. फक्त हिच्या पट्टीतून रक्त पाझरलं होतं. पहिलीची पट्टी कोरी होती. हिच्या हातात छोटी चप्पल होती.

तिला बहीण नव्हती. मुलगी कधीच सापडली नाही. मी पोलिसांना माझी चूक सांगितली, तर साहेब म्हणाले, "बाई, नाव घेतल्याने काय होतंय?"

मावशी मुद्दाम भेटायला आल्या. मला वाटलं, रागावतील. त्यांनी एवढंच विचारलं, "तुझी लेक शाळेतून इथेच येते ना? तिला इथे नावाने हाक मारू नकोस."

माझी लेक आठ वर्षांची होती. टेबलाखाली पोत्यावर बसून ती अभ्यास करायची. खिडकीतून दिसायची नाही.

अकरा दिवसांनी, पावणेचारला, काचेवर कुणीतरी टिचकी मारली.

माझ्या अंगावर होता तोच, मी घरी शिवलेला हिरवा झगा. केसांत खोचलेली पेन्सिल. बाहीवर शाईचा डाग. तो त्याच सकाळी पडला होता. चेहरा ओळखायला मला वेळ लागला. स्वतःला आपण आरशातच बघतो. हिचा भांग दुसऱ्या बाजूला वाटला.

"माझी मुलगी हरवली आहे," ती माझ्या आवाजात म्हणाली. "नाव तेवढं सांगा."

टेबलाखाली पेन्सिल थांबली.

"आई?" लेक म्हणाली आणि उठायला लागली.

मी तिच्या फ्रॉकवर पाय दाबून धरला.

"इथे कुणी हरवलेलं नाही."

ती थांबून राहिली. फलाटावर गाडी लागली, भरली, सुटली. ती हललीसुद्धा नाही.

"बरं," ती म्हणाली.

डोळे मिटून उघडले तेव्हा काचेपलीकडे फक्त बाक होता.

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. प्रयोगशाळेने खालच्या जागेवर परत घेतलं. नवऱ्याने त्यावरून एकदाही टोमणा मारला नाही. माझा चेहराच तसा झाला असावा. लेकीचं नाव मी पुन्हा उच्चारलं नाही. बाळ, चिमणे, अगं, यांवर तीस वर्षं काढली. इथेही ते लिहीत नाही. ती हसते, "आईने माझं बारसंच रद्द केलंय."

आता तिची मुलगी पाच वर्षांची आहे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपासून मी दोन महिने घराबाहेर पडलेली नाही, म्हणून लेकच फोन करते. आज सकाळीही केला.

"काल येऊन गेलीस, बरं वाटलं गं. पाय किती छान चालतोय! पण नातीचंच नाव कसं विसरलीस?"

मी खुर्चीत बसले.

"तू सांगितलंस?"

"मग? सांगितलं की. आणि आई, जिना उतरताना तिचं नाव पुन्हापुन्हा म्हणत होतीस ते वरपर्यंत ऐकू येत होतं. पाठ करत असल्यासारखं."