तिसगावचं कार्ड

आमच्या नगरच्या लॅबमध्ये नवजात बाळांच्या टाचेचं रक्त येतं, जाड कागदी कार्डावर वाळवलेलं. त्यातली अमिनो आम्लं मोजणं हे माझं काम. संशोधनासाठी तेच कार्ड आम्ही पुन्हा पुन्हा तपासतो. वाळलेलं रक्त आपला शब्द फिरवत नाही. त्या बाबतीत ते माणसांपेक्षा बरं.

तिसगावच्या पूजाच्या मुलीच्या कार्डात फिनाइलअलानिन फार निघालं. हे दुधातून येतं आणि शरीराला पचलं नाही तर मेंदूवर जातं. मी कळवल्यावर डॉक्टरांनी तिचं अंगावरचं दूध बंद केलं, ते आम्ल नसलेली पावडर सुरू केली.

पुढच्या तपासणीत त्याच कार्डाचा आकडा वाढला. त्यापुढच्या तपासणीत आणखी. मी मशीन तपासलं, रसायनं बदलली. बाकीची कार्डं जागच्या जागी होती. हे एकच दूध प्यायल्यासारखं चढत होतं. आधी मला राग आला, मग भीती वाटली.

मी तिसगाव गाठलं. मुलीची नुसती हाडं उरली होती. तिची टाच धुऊन मी सुई काढली, तशी पूजाची सासू लंकाबाई जवळ येऊन बसली.

"येक सांगू का म्याडम? पाचवी पुजायच्या आत लेकराचं रगत सांडू नये. म्हनून नर्सबाईला हिची टाच म्या दिलीच न्हाई."

"मग कुणाची दिली?"

"जुळं हुतं. पोरगा त्याच सकाळी गेल्ता. त्याचाच पाय दुपट्यातनं भाईर काढला. त्याला काय दुखायचं?"

मेलेल्या टाचेतून रक्ताचा थेंब येणं कठीण. कार्डावरचे डाग तर काठोकाठ भरलेले होते.

"रक्त आलं?"

"लई आलं," म्हातारी म्हणाली आणि उठून आत गेली.

मुलीचं रक्त घेऊन मी लॅबमध्ये परतले. त्यात काहीच दोष निघाला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. निरोगी बाळाला ते आम्ल लागतंच; आमच्या पावडरीनं एक धडधाकट लेकरू उपाशी मरत होतं. मी लगेच पूजाला फोन लावला.

"पूजा, पावडर बंद कर. मुलीला अंगावर पाज, आत्ताच. दूध आटलं नाही ना?"

"न्हाई आटलं, म्याडम." ती दबक्या आवाजात बोलत होती. "येतंय की. पन तिच्यापुरतं उरत न्हाई."

"उरत नाही म्हणजे?"

मी फोन कानाशी घट्ट धरला.

तिकडे घरात लांब कुठेतरी मुलगी रडत होती. फोनच्या अगदी जवळ कुणीतरी सावकाश घोट घेत होतं.